रुसू देस

आरमोरी,
९ नोव्हेंबर २००३

रिना, जयभीम.

मी पत्र लिहून राह्यलो म्हून माझा राग गेला असं समजू नोको. राग जिथल्या तिथी हाये. पन इथी एक गंमत होऊन राह्यली, अन् थे तुझ्याशिवाय कोनाले सांगता येत नाई. शुद्ध लिहाले गेलो त सायबाले अर्ज केल्यावानी वाटते, तवा बोलतो तसाच लिहतो.

कोसा केंद्रात एक जपानी बाई आली हाये. मुराता नाव. साठीच्या घरातली, बुटकी, पायात शाळेच्या पोरायसारखे कापडी बूट, हिंदी मोडकीतोडकी बोलते. तिकडं थे कोशाच्या धाग्याचं कापड विनते. आपल्याकडं किडा झाडावर कसा सोडतात, पाखरापासून कोन राखते, कोश कवा बांधते, हे सारं तिले डोळ्यानं पाहाचं हाये. जानेवारीपर्यंत मुक्काम. सायबानं मले बोलावनं धाडलं. म्हने, श्रावणभाऊ, तुमी रिटायर झाले पन येनाच्या झाडायतल्या वाटा तुमच्याइतक्या कोनाले ठाव नाईत. एकतीस वर्षं चौकीदारी केली, आता पाहुनी फिरवतो.

काल दुपारी आमी येनाखाली जेवाले बसलो. बाईनं डबा उघडला, हात जोडले अन् म्हनलं, इतादाकिमास. मी म्हनलो, हा शब्द मले मालूम हाये. बाई चकित. आता मालूम काऊन नसन? तुझ्या त्या मासातोनं आठ महिने माझ्याच घरी ताटासमोर हात जोडून हेच म्हनलं. पयल्या दिवशी तुझ्या मायले वाटलं पोरगा वंदना घेते, म्हून तिनंही हात जोडले, अन् भात थंडा होयेपर्यंत दोघंही एकमेकाकडं पाहत बसले. त्याले घरी आननारा मीच. परदेशातून किडे शिकाले आलेलं पोरगं, हॉटेलात खाऊन पोट बिघडवन, म्हून आनलं. मंग तुमी दोघं नागपूरले जाऊन रजिस्टर करून आले, अन् बापाले हे सांगतलं कोनं? खुशाल ढिवरानं, तलावाच्या पारीवर, जाळं झटकता झटकता. वरून सारे म्हनत, श्रावणभाऊ, बुद्धाच्या देशाचा जवाई भेटला. बुद्ध कायले जपानचा?

मुराता बाई म्हनते, थो शब्द देवाले नसते. ज्याचा जीव ताटात आला त्याले, अन् ज्यानं रांधलं त्याले. "मी वाकून घेतो" असा त्याचा अर्थ. मले तिले अजून एक इचाराचं होतं, का तिकडल्या सासवा सुनांशी कशा बोलतात. थे काई इचारलं नाई.

तुझी माय बरी हाये. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी पत्र लिहलं हे तिले माहीत नाई. तुझा पत्ता मले कुठून भेटला हे इचारू नोको. उत्तराची घाई नाई.

बाबा

आरमोरी,
२७ नोव्हेंबर २००३

रिना,

मुराता बाईनं मागं आमाले तोंडघशी पाडलं. मी तिले म्हनलो, इतवारी आमच्या घरी जेवाले या. तिनं दातातून हवा वढली, मान वाकडी केली अन् म्हनलं, "निचियोबि वा, चोत्तो..." पुढं काईच नाई. निचियोबि म्हनजे इतवार, चोत्तो म्हनजे थोडं, हे मी शिकलो होतो. मले वाटलं थोडंसंच खाईन म्हनते. तुझ्या मायनं झिंगे आनले, अंबाडीची भाजी केली, दोघं दोन वाजेपर्यंत वाट पाहत बसलो. बाईचा पत्ता नाई.

सोमवारी मी फुगून गेलो. तिले समजलं तवा बिचारी लाल झाली. म्हने, चोत्तो म्हनून थांबलं का त्याचा अर्थ नाई. तोंडावर नाई म्हनलं त समोरच्याले लागते, म्हून वाक्य अर्धं सोडाचं, उरलेलं ऐकनाऱ्यानं समजून घ्याचं. मी म्हनलो, धन्य हाये तुमची. घरी येऊन तुझ्या मायले सांगतलं त थे म्हनते, "त्यात का नवल? तुमाले लग्नाले बोलावलं का तुमी 'पाहू' म्हनता. कवा गेले का एकातरी लग्नाले?"

बरोबर हाये. माझ्या 'पाहू'चा अर्थ साऱ्या आरमोरीले मालूम हाये.

तुलेही असन मालूम. तू एकदा मले म्हनलं होतं, बाबा, माझ्या मनात एक गोष्ट हाये, सांगू का. मी सायकलीची चेन बसवत होतो. तवा मी 'पाहू' म्हनलो होतो का? मले नक्की आठवत नाई. तुले आठवत असन त लिहू नोको.

दुसऱ्या इतवारी बाई आली. झिंगे खाल्ले, तिखटानं नाक पुसलं, पन ताट साफ केलं. निंघताना धन्यवाद. सोमवारी धन्यवाद. काल तुझी माय तिले बाजारात दिसली त भर बाजारात वाकून, त्या दिवशीच्या जेवनाबद्दल पुन्हा धन्यवाद. तुझी माय चिडली. "एकडाव खाल्लं, किती डाव काढते? मी का मोजून वाढलं होतं?" तिकडं तशीच रीत हाये म्हनते, मागच्या खेपेचं पुढच्या खेपेले आठवाचं, नाईतर मानूस विसरला असं होते. आपल्याकडं घरच्या मानसाले धन्यवाद म्हनलं त थो विचारते, काऊन, मी परका झालो का. तू तिकडं कशी निभावत असन कोन जाने.

एक शब्द मात्र मले आवडला. दिवसभर झाडं फिरून आलो, पाखरं हाकलाले गुलेरनं गोटे मारून मारून हात दुखला, अन् बाई मले वाकून म्हनते, "ओत्सुकारेसामा." म्हनजे, तुमी थकले. एवढंच. पन हे मान देऊन म्हनतात. एकतीस वर्षं केंद्रात नोकरी केली, थकले का म्हून कोनी इचारलं नाई. मी त्या दिवशी घरी येताना उगाच खुशालकडं जाऊन बसलो.

बाबा

आरमोरी,
१४ डिसेंबर २००३

रिना,

आता जे लिहतो थे नीट वाच.

२००१ च्या एप्रिलात मी तुले फोन केला होता. जयंती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आरमोरीत बूथ होता, पन तिथी सारे कान टवकारून बसतात, म्हून वडश्याले देवाजीच्या बूथवर गेलो. नंबर तुझ्या सुरवातीच्या पत्रात होता, थे पत्र तुझ्या मायनं पेटीत ठेवलं होतं. तिकडं बाईनं उचलला. तुझी सासू असन. मी म्हनलो, रिना. रिना हाये का. थे काईतरी लंबं बोलली. मी पुन्हा म्हनलो, रिना. मंग थे हळूहळू, बहिऱ्याले सांगतात तशी बोलली, "रिना वा... रुसु. रुसु देस." मले वाटलं माझ्या कानाची चूक. मी आणखी एकडाव म्हनलो, रिना? थे मोठ्यानं म्हनते, "रुसु! रुसु देस!"

तू सांग, मी का समजाचं होतं? मराठी मानूस, सात समुद्रापलीकडून कोनी सांगते, रिना रुसली हाये, रुसू दे. मले वाटलं तूच शिकवून ठेवलं सासूले, का बाप फोन करन, त त्याच्या भाषेत एवढं सांगून दे. मी फोन आदळला. देवाजी म्हनते, भाऊ, रिसिव्हर माझा हाये.

घरी येऊन तुझ्या मायले सांगतलं, पोरगी रुसली, बोलाले तयार नाई. थे रडली. मंग थे तुले बोल लावाले लागली, अन् मी लावू देले.

त्यानंतर तुझी पत्रं आली. तीन. मुखरू पोस्टमन माझ्याच हातात द्याचा. मी म्हनलो, घेत नाई म्हून लिहून परत कर. पत्ता तेवढा मागून उतरवून घेतला. फोनचा राग होता. तुझ्या मायले वाटते तू लिहनंच सोडलं.

आता आजचं ऐक. काल अन् परवा मी मुराता बाईच्या खोलीवर गेलो, दोन्ही डाव कुलूप. थे गडचिरोलीले गेली होती. आज भेटली त वाकून म्हनते, "किनो वा रुसु देशिता." मी म्हनलो, रुसली होती? कोनावर रुसली बाई, माझ्यावर? तिले काई समजेना. मंग तिनं हिंदीत सांगतलं, "रुसु मतलब, घर में नहीं. मैं कल घर में नहीं था."

मी पायरीवर बसलो. बाईनं पानी आनलं. मी तिले तीनदा इचारलं, दुसरा काई अर्थ निंघते का? रागाचा, रुसव्याचा? नाई म्हनते. घरी नसनं, एवढाच.

म्हनजे तू घरी नवती. बाजारात गेली असन नाईतर कुठी. अन् मी अडीच वर्षं घरात बसून राह्यलो.

चूक कोनाची हाये सांग? तुझ्या सासूची नाई, थे आपल्या भाषेत बोलली. माझी म्हनशीन, त मी आपल्या भाषेत ऐकलं. एका शब्दानं हे सारं केलं.

बाबा

आरमोरी,
१ जानेवारी २००४

रिना,

तुझ्या मायले सांगतलं. फोनचंही अन् पत्रायचंही. थे कोंबड्यायले दाने टाकत होती. टाकून झाले, सूप झटकलं, मंग म्हनते, "म्हनजे अडीच वर्षं मी माझ्या पोरीले तोडून बोलली, थे तुमच्या एका कानाच्यान."

मी म्हनलो, अवं, कोनीही हेच ऐकलं असतं. थे म्हनते, "ऐकलं असतं. पन पत्रं कानानं नाई परत जात."

तीन दिवस ताट समोर यायचं, शब्द नाई. मी जपानीत म्हनून पाह्यलं, ओइशी, म्हनजे झकास झालं. तिनं वाडगं उचललं अन् आत गेली. चवथ्या दिवशी म्हनते, मले त्या फोनवर घेऊन चला. मी म्हनलो, नंबर बदलला असन. थे म्हनते, बदलला असन त त्यायले तसं सांगू द्या, तुमी सांगू नोका.

अकरा तारखेले, इतवारी, जाऊ. अकरा वाजता, तुमच्याकडं अडीच होतात. हे पत्र तुले त्याच्या आंधी भेटनार नाई, तरी लिहून ठेवतो. तुझ्या सासूले फोनवर का म्हनाचं, थे मी मुराता बाईकडून पाठ करून राह्यलो.

बाबा

आरमोरी,
१८ जानेवारी २००४

रिना,

फोनवर जे झालं थे तुले मालूमच हाये, पन माझ्या बाजूनं सांगतो.

तुझी माय पांढरं लुगडं नेसून आली होती, दीक्षाभूमीले जाते तसं. मी कागदावर देवनागरीत लिहून आनलं होतं. तिकडून मोशी मोशी झालं, मी वाचलं, "रिना नो चिचि देस." रिनाचा बाप. देवाजी 'चिची'वर हासला, मी त्याच्याकडं पाह्यलं त उठून बाहेर गेला. मले वाटलं, आता तुझी सासू रुसु म्हनते. मंग थे दोन-तीनदा "ओतोसान, ओतोसान" म्हनली, म्हनजे बाबा, अन् तुझ्या नावानं हाका मारू लागली. वाईट बाई नाई थे.

मायनं रिसिव्हर माझ्या हातातून घेतला. नऊ मिनिटं. मी काचेपाशी उभा. थे हासली, मंग रडली, मंग पुन्हा हासली. आता घरी येनाऱ्याजानाऱ्याले सांगते, मले नात हाये, अडीच वर्षांची. नाव चिहारु, पन तुझी माय चिऊच म्हनते.

मंग तिनं मले रिसिव्हर देला.

तू म्हनलं, "तुमची पत्रं भेटली बाबा. तीन. मी परत नाई केली."

मंग तू सांगतलं, त्या दिवशी तू दवाखान्यात तपासाले गेली होती, सहावा महिना होता. सासूनं सांगतलं, कोनी मानूस रिना रिना म्हनला अन् फोन आदळला. तुले वाटलं, बाबाच असन. तीन आठवडे तू फोनजवळून हालली नाई, भाजी आनालेही सासूले धाडलं. मंग तू लिहून इचारलं, बाबा, थो फोन तुमी केला होता का. थे पत्र परत आलं. पुढच्या पत्रात पोरीचा फोटो होता. थेही परत आलं.

मी म्हनलो, लाइन खराब होती. म्हनलो, एकच शब्द, रुसु, तूच सांग रिना, मी का समजाचं. म्हनलो, फोनचा राग होता म्हून पत्रं गेली.

तू म्हनलं, "बाबा, तीन पत्रं परत आलती. त्यातलं पयलं मी जानेवारीत लिहलं होतं. दिवस गेले, आईले पाठवा, असं लिहलं होतं. तुमचा फोन एप्रिलातला."

मी हातातल्या कागदाची घडी घालत राह्यलो. तू म्हनलं, बरं. मंग म्हनलं, ठेवते.

मले आता जपानी बाईची अर्धी वाक्यं समजतात, पन तुझ्या त्या 'बरं'चा अर्थ लागत नाई. बसमधे तुझी माय खिडकीशी बसली. तिनं तुझं बोलनं ऐकलं नवतं. मी तिले सांगतलं, आरमोरी येयेपर्यंत सारं सांगतलं. तिनं माझ्याकडं पाह्यलंही नाई.

मुराता बाई काल गेली. जायच्या आंधी मी तिले इचारलं, तुमच्यात बाप पोरीपुढं वाकाचा असन त का म्हनते? आपल्याकडं हे मी कवा ऐकलं नाई. माझ्या बापानं कोनाले म्हनलं नाई, मी कोनाले म्हनलो नाई. 'माफ कर' माझ्या तोंडातून निंघत नाई रिना, खूप करून पाह्यलं. वाटलं परक्या भाषेत निंघन.

बाई म्हनते, सुमिमासेन हाये, पन थे दुकानदाराले हाक मारतानाही म्हनतात. गोमेन हाये, पाय लागला, उशीर झाला, त्याले चालते. मी म्हनलो, याच्यापेक्षा भारी. तिनं मले नीट पाह्यलं. का झालं थे इचारलं नाई. मंग म्हनली, "मोशिवाके नाई."

मी म्हनलो, फोड करून सांग. मोशिवाके म्हनजे आपल्या वागन्याचं कारन, समोरच्याले सांगता येईन असं. अन् नाई? बाई म्हनते, नाई मतलब, नहीं. मी म्हनलो, थे त आपलंच हाये. आमीही नाईच म्हनतो.

मी आतापर्यंत तुले चार पत्रं लिहली. त्यात खुशालनं सांगतलं हे हाये, तुझ्या सासूचा शब्द हाये, माझा कान हाये, फोनचा राग हाये. सारी कारनं. मुराता बाई म्हनते, हा शब्द म्हनला का त्याच्यानंतर एकही कारन द्याचं नसते, नाईतर म्हनूच नये. म्हून आता पयल्या पत्राचं जसं झालं तसंच सांगतो.

जानेवारीत मुखरू आला तवा मी अंगनात खाटेवर बसून चहा पीत होतो. तुझी माय रोपाले पानी घालत होती, मागच्या बाजूनं. त्या दिवशी कोनी काई बोललं नवतं. राग आला होता असंही आठवत नाई. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं, तू चवथीत होती तवापासून 'श्र' तसाच काढते. मी थे ओळखलं, मुखरूले म्हनलो परत कर, अन् उरलेला चहा प्यालो.

रिना, मोशिवाके नाई.

तुझा बाबा